लहान मेंदू फक्त तोलच सांभाळतो का? आईच्या एमआरआयवरून पडलेला प्रश्न

शुभदा_के

नमस्कार मंडळी. आईच्या (वय ७१) मेंदूचा एमआरआय नुकताच झाला. रिपोर्टमध्ये नाव घेण्यासारखी एकच गोष्ट आहे. लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, बराच आकसलाय. मोठा मेंदू वयाच्या मानाने ठीक. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "लहान मेंदू तोल सांभाळतो, म्हणून त्या झोकांडतात. बाकीचं वयोमानानुसार. डिमेन्शियाची सुरुवात असू शकेल." पुढचा पेशंट आत आला आणि आम्ही बाहेर पडलो.

मला हे पटत नाहीये, कारण आई विसरत नाही. कुणाचं लग्न कोणत्या कार्यालयात झालं, जेवणात काय होतं, कोण रुसलं होतं, सगळं तिला पाठ आहे. बिघडलंय ते वेगळंच. पोहे कसे करायचे विचारा, अगदी नीट सांगेल. शेंगदाणे आधी तळून बाजूला काढायचे हेसुद्धा. पण ओट्याशी उभी राहिली की कढईत तेल तापवते, मोहरी टाकते आणि मग कांदा चिरायला घेते. मोहरी जळते, धूर होतो. काहीतरी चुकलंय हे तिला कळतं, पण आता काय करायचं ते सुचत नाही. परवा गॅस तसाच ठेवून पोहे धुवायला लागली.

बोलणं सावकाश झालंय, शब्द ओठांवर येऊन अडतात. आणि एका नातेवाइकाच्या निधनाची बातमी सांगताना तिला हसू फुटलं ते आवरेचना. नंतर त्याच गोष्टीवरून रात्री खूप रडली. "मी अशी कशी वागले गं?" म्हणत होती. मला फार वाईट वाटलं.

प्रश्न असा की लहान मेंदूचा आणि या सगळ्याचा संबंध असू शकतो का? की हा वेगळा आजार आहे? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

नाना_तासगाव

शुभदाताई, वाचून कसंतरी झालं. आईंना नमस्कार सांगा. आम्हाला शाळेत "अनुमस्तिष्क: शरीराचा तोल सांभाळणे" एवढं लिहिलं की एक गुण मिळायचा. जाणकारांनी लिहावं, मी ठाण मांडून बसतोय.

मेंदूवाला

मी न्यूरोलॉजिस्ट आहे, नागपुरात. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे: हो, संबंध असू शकतो. चांगलाच असू शकतो.

सविस्तर रात्री लिहितो. तोपर्यंत एक सांगा, आईंना आधीपासून कोणती औषधं चालू आहेत? सगळी लिहा, अगदी जुनीसुद्धा. आणि हे किती काळात वाढत गेलं, आठवड्यांत, महिन्यांत की वर्षांत?

चार्ल्सकाठी

मी बॉस्टनमध्ये मेंदूच्या पेट स्कॅनच्या (मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय, कुठे काय साठलंय हे दाखवणारी तपासणी) विश्लेषणाचं काम करतो. डॉक्टर नाही. डॉक्टरसाहेब येईपर्यंत थोडी पार्श्वभूमी.

लहान मेंदू आकाराने अख्ख्या मेंदूच्या दहाव्या भागाएवढा. पण २००९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी पेशी मोजल्या तेव्हा माणसाच्या मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत निघाल्या. ज्या मोठ्या मेंदूच्या सालीला आपण बुद्धीचं घर समजतो तिथे अंदाजे १६ अब्ज. एवढा फौजफाटा फक्त पडू नये म्हणून असेल का, हा प्रश्न कुणालाही पडावा.

"लहान मेंदू म्हणजे तोल" हे कुठून आलं? १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये फ्लुराँस या शास्त्रज्ञाने कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला. कबुतरं हलायची, पण हालचालीत मेळ राहायचा नाही. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक तपासले आणि थरथरणारा हात, नेम चुकणारं बोट, अडखळती चाल यांची इतकी बारीक नोंद केली की ती लक्षणं आजही तशीच शिकवतात. पण ज्याला हाताचा नेम तपासायचाय तो हातच तपासणार. विचाराचा नेम कुणी तपासलाच नाही. १९८६ मध्ये लायनर दांपत्य आणि रॉबर्ट डाऊ यांनी लहान मेंदूचा बौद्धिक कामात वाटा असावा असं लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांना ते पचलं नव्हतं.

ओंकार_ध

वाचतोय. पण थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. पेशींची संख्या हा पुरावा होत नाही. त्या ६९ अब्जांतल्या बहुतेक इवल्याशा कणिकापेशी आहेत.

शिवाय कुरू हा आजार आठवा. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये मृत नातलगांचं मांस खाण्याच्या प्रथेतून पसरलेला. त्यावरच्या कामासाठी अमेरिकन डॉक्टर गाजड्युसेकना १९७६ चं नोबेल मिळालं. त्यात लहान मेंदू पार उद्ध्वस्त व्हायचा. उभं राहता यायचं नाही, बसता यायचं नाही. तरी सुरुवातीच्या वर्णनांत स्मृतिभ्रंश ठळक नाही. मग लहान मेंदू विचार करतो म्हणणं जरा ताणलेलं वाटत नाही का?

चिंगी

ओंकार, जेवताना वाचलं हो मी हे. पुढच्या वेळी वर इशारा देत जा.

मेंदूवाला

ओंकार यांचा मुद्दा चांगला आहे, तिथूनच सुरू करतो.

कुरूच्या पेशंटांची स्मरणशक्ती शाबूत दिसायची हे खरं. पण त्याच वर्णनांत आणखी एक गोष्ट आहे. त्यांना कारण नसताना हसू फुटायचं, म्हणूनच वर्तमानपत्रांनी त्याला हसऱ्या मृत्यूचं नाव दिलं. आता शुभदाताईंच्या पोस्टमधला निधनाच्या बातमीचा परिच्छेद पुन्हा वाचा. लहान मेंदू गेला तर स्मरणशक्ती आधी जात नाही. दुसरंच काही जातं, आणि आपण "डिमेन्शिया म्हणजे विसरणं" असं धरून बसल्यामुळे ते आपल्याला दिसत नाही.

बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेरेमी श्मामन आणि जॅनेट शर्मन यांनी १९९८ मध्ये फक्त लहान मेंदूला इजा झालेल्या २० पेशंटांचा अभ्यास छापला. चार प्रकारच्या अडचणी पुन्हा पुन्हा दिसल्या. कामांचा क्रम आणि आखणी जमत नाही, एक गोष्ट सोडून दुसरीवर जाता येत नाही. जागेचा अंदाज बिघडतो, चित्र नकलून काढता येत नाही. भाषेत शब्द सुचायला वेळ लागतो, बोलण्यातले चढउतार सपाट होतात. आणि स्वभाव बदलतो: कुणी निर्विकार होतं, कुणी नको तिथे हसतं, पोरकट वागतं. आज त्याला श्मामन सिंड्रोम म्हणतात. २०१८ मध्ये त्याच गटाने त्यासाठी एक छोटी चाचणी तयार केली, दहा मिनिटांत बाह्यरुग्ण विभागात करता येते.

याची कारणमीमांसा मला स्वतःला फार पटते. लहान मेंदूची रचना सगळीकडे जवळजवळ सारखी आहे, तोच पुर्किन्ये नावाच्या मोठ्या चेतापेशींचा थर, तीच जोडणी. मग तो हाताला जे काम करून देतो तेच विचाराला करून देणार. म्हणजे काय? स्वयंपाकात हात बसलेली बाई मीठ मोजत नाही, चिमूट आपसूक बरोबर पडते. लहान मेंदू तो अंदाज आहे. तो गेला की पाककृती आठवते, मीठही हातात असतं, पण किती आणि केव्हा हे दर वेळी डोकं लावून ठरवावं लागतं. हालचालीच्या बाबतीत बोट नाकाच्या पुढे जातं. विचाराच्या बाबतीत वाक्य भरकटतं, भावना प्रसंगाच्या मापाची राहत नाही.

जागाही वेगळ्या आहेत. लहान मेंदूचा पुढचा भाग मुख्यतः हालचालीचा, मागचा भाग विचाराशी जोडलेला, मधला पट्टा भावनांशी. आणि जोडणी उलटसुलट: लहान मेंदूची उजवी बाजू मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूशी बोलते. भाषा बहुतेकांची डावीकडे, म्हणून शब्द शोधताना लहान मेंदू उजवीकडे उजळतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी पेट स्कॅनवर हे दिसलं. नाम दिलं की त्याला साजेसं क्रियापद सुचवा एवढंच काम होतं, आणि नुसत्या बोलण्याच्या हालचालीचा वाटा वजा करूनही हे दिसलं.

नाना_तासगाव

मिठाचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. डॉक्टर, तुम्ही शिकवायला हवं.

पणजीची_पोर

शुभदा, तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या बाबांना अल्झायमर होता. तुझ्या आईत आणि त्यांच्यात मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतोय.

बाबा मजेत चालायचे. पणजीच्या मार्केटात माझ्यापेक्षा भरभर. पण जेवून उठले की "आज जेवण नाही का?" विचारायचे. आठवण करून दिली तरी उपयोग नाही, "आत्ता तर सुंगटाची आमटी खाल्लीत ना" म्हटलं तर मी खोटं बोलतेय असं वाटून चिडायचे. त्यांच्यात ते साठतच नव्हतं. आणि आपल्याला काही होतंय हे त्यांना पटायचंच नाही. तुझी आई रात्री रडते, "मी अशी कशी वागले" म्हणते. तिला आतून सगळं समजतंय. हे जास्त जड आहे गं. तिला दोष देऊ नका, चिडू नका, एवढंच सांगते.

आणि तू स्वतःकडे बघ. गोव्यात डिमेन्शियाच्या पेशंटांना सांभाळणाऱ्यांसाठी एक चाचणी झाली होती, २००८ मध्ये निकाल छापून आला. ८१ कुटुंबं होती. गावातल्याच साध्या शिकलेल्या लोकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठवलं, आजार समजावून सांगायचा, कटकटीच्या वागण्याला कसं तोंड द्यायचं ते शिकवायचं. पेशंट बरे झाले नाहीत, पण सांभाळणाऱ्यांचा मानसिक त्रास कमी झाला. मला बाबांच्या वेळी असं कुणी मिळालं असतं तर मी कितीतरी कमी ओरडले असते.

शुभदा_के

पणजीची_पोर, ऑफिसात बसून डोळे पुसतेय. तुझे शब्द आईच्या बाबतीत शंभर टक्के खरे आहेत.

मेंदूवाला डॉक्टर, औषधं: बीपीची एक गोळी, कॅल्शियम. आणि आकडीसाठी फेनिटॉईन, लग्नाआधीपासून. आकडी आता कित्येक वर्षांत आलेली नाही. मध्यंतरी एका डॉक्टरांनी "रात्रीचा डोस थोडा वाढवू" म्हणून अर्धी गोळी वाढवली होती. त्रास काही वर्षांपासून हळूहळू आहे, पण डोस वाढवल्यानंतर जास्त जाणवतोय असं आता लिहिताना वाटतंय.

मेंदूवाला

शुभदाताई, याच उत्तराची शंका होती. मात्र आधी ठळक अक्षरांत: गोळी स्वतःहून बंद करू नका. फेनिटॉईन अचानक थांबवलं तर एकामागून एक आकडी येत राहू शकते, जीवावर बेतू शकतं.

आता कारण. फेनिटॉईन हे जुनं, स्वस्त आणि आकडी थांबवायला उत्तम औषध. आपल्याकडे लाखो लोक त्यावर आहेत. पण वर्षानुवर्षं घेतलं, विशेषतः रक्तातली पातळी जास्त राहिली, तर काही जणांचा लहान मेंदू आकसतो हे आम्हाला चांगलं माहीत आहे. दुसरी गोम अशी की ते शरीरातून बाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मर्यादित असते. एका मर्यादेपर्यंत डोस वाढवला की पातळी बेताने वाढते, मर्यादा ओलांडली की अर्ध्या गोळीनेही एकदम उसळते. नेहमीची पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलीटर. त्यावर गेली की आधी डोळे फडफडतात, मग चाल झोकांडते, आणखी वर गेली की गोंधळ. वयस्कर माणसांत अल्ब्युमिन (रक्तात औषधाला धरून ठेवणारं प्रथिन) कमी असेल तर रिपोर्टवर आकडा बरा दिसतो, पण मोकळं औषध जास्त असतं. म्हणून अल्ब्युमिनही बघायला सांगा.

सोबत बी-१२, थायरॉइड, फोलेट, सोडियम. फेनिटॉईनने फोलेट आणि ड जीवनसत्त्वही घटतं. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगल्या आहेत का हेही विचारा. ज्यांची चाल जमिनीला चिकटल्यासारखी होते, लघवीवर ताबा राहत नाही आणि डोकं मंदावतं, त्यांच्यात कधीकधी पाणी साठलेलं असतं आणि नळी बसवून सुधारणा होते. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण विचारायला हवं. "वयोमानानुसार" हा शब्द सगळ्या तपासण्या झाल्यावर वापरायचा असतो.

रेवती_फिजिओ

फिजिओथेरपिस्ट आहे, ठाणे. लहान मेंदूच्या पेशंटांबद्दल दोन गोष्टी.

१९९७ मध्ये स्वीडनमधला एक साधा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. वृद्धांसोबत चालता चालता गप्पा मारायच्या. जे बोलायला लागले की पाय थांबवतात, ते पुढे जास्त पडतात असं दिसलं. निरोगी माणसाची चाल आपोआप चालते म्हणून डोकं गप्पांना मोकळं असतं. आपोआपपणा गेला की चालणं हेच बौद्धिक काम होऊन बसतं. म्हणून आईंशी चालताना बोलू नका. "आई, अगं ते वीजबिल भरलंस का?" असं मागून विचारणं म्हणजे तिला धक्का देण्यासारखं आहे. बसल्यावर विचारा.

दुसरं, "आता काही उपयोग नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जर्मनीत २००९ मध्ये लहान मेंदू झिजत जाणाऱ्या १६ पेशंटांना चार आठवडे तोलाचे आणि मेळाचे व्यायाम करून घेतले, चाल आणि तोल दोन्ही सुधारले. झीज चालू असतानाही शरीर शिकतं. घरी मात्र भिंतीजवळ, कुणीतरी बाजूला असतानाच. आणि दारातली सुटी पायपुसणी आजच उचला. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा, टॉवेलच्या दांड्यावर भार टाकू देऊ नका, तो निखळतो.

चिंगी

चीनमध्ये २४ वर्षांची एक बाई डॉक्टरांकडे गेली आणि कळलं की तिला जन्मापासून लहान मेंदूच नाही! २०१४ ची बातमी. उशिरा बोलली, उशिरा चालली, पण संसार करत होती. मग काय समजायचं?

मेंदूवाला

चिंगी, ती केस खरी आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास बोलली, सातव्याच्या आसपास चालली. बाळाचा मेंदू मोकळ्या जागी नवी वाट काढतो, सत्तरीत ती सवड राहत नाही. आणि लक्षात घ्या, तिचं *बोलणंही* उशिरा आलं, फक्त चालणं नाही.

ओंकार_ध

श्मामन सिंड्रोम पटला. फेनिटॉईनचं तर माहीतच नव्हतं. पण धाग्यात "डिमेन्शिया" हा शब्द आहे, आणि डिमेन्शियात सर्वांत मोठा वाटा अल्झायमरचा. तिथे लहान मेंदू निर्दोष असतो असंच मी वाचलंय. मग लहान मेंदू आणि स्मृतिभ्रंश असं सरसकट जोडलं तर लोक उगाच घाबरतील.

चार्ल्सकाठी

ओंकार, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे म्हणून उत्तर देतो.

अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रथिनं साठतात. त्यातले अमायलॉइडचे थर लहान मेंदूत सर्वांत शेवटच्या टप्प्यात पोचतात आणि टाऊच्या गाठी तिथे जवळजवळ होतच नाहीत. म्हणूनच अमायलॉइडच्या पेट स्कॅनमध्ये आम्ही लहान मेंदूला शून्य रेषेसारखं वापरतो: बाकीचा मेंदू किती उजळलाय ते त्याच्याशी ताडून बघायचं. २०१५ मध्ये स्टीव्ह हॉर्वाथ यांच्या गटाने डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून ऊतींचं वय काढलं, तेव्हा लहान मेंदू शरीरातल्या इतर भागांच्या मानाने सावकाश म्हातारा होतो असं दिसलं. इथपर्यंत तुमचं बरोबर.

पण "निर्दोष" म्हणजे "असंबद्ध" नव्हे. २०१६ मध्ये ब्रेन या नियतकालिकात अल्झायमर आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या (ज्यात मोठ्या मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडचा भाग झिजतो) पेशंटांचे लहान मेंदू मोजले गेले. झीज होती, आणि ती वाटेल तिथे झालेली नव्हती. मोठ्या मेंदूचे जे भाग त्या त्या आजारात जातात, त्यांच्याशी जोडलेलेच लहान मेंदूचे भाग घटले होते. अल्झायमरमध्ये वेगळे, फ्रंटोटेम्पोरलमध्ये वेगळे. पक्षाघातात तर हे लगेच दिसतं. मोठ्या मेंदूच्या एका बाजूला रक्तपुरवठा तुटला की लहान मेंदूची विरुद्ध बाजू मंदावते, तिला स्वतःला काहीही झालेलं नसताना. आणि फ्रंटोटेम्पोरलच्या एका आनुवंशिक प्रकारात, सी-नाइन-ऑर्फ-७२ जनुकाच्या, खुद्द लहान मेंदूच्या पेशींत प्रथिनांचे गोळे सापडतात.

माझं मत विचाराल तर अल्झायमरमध्ये लहान मेंदू आरोपी नाही. पण माणूस किती काळ सावरून राहतो यात त्याचा हात असावा असं मला वाटतं. हे सिद्ध झालेलं नाही, मी माझं मत म्हणून सांगतोय.

ओंकार_ध

हे मान्य. असं तोलून लिहिलेलं आवडलं.

नाना_तासगाव

थोडं अवांतर. आमच्या कट्ट्यावर सगळे सुडोकू सोडवतात, मेंदू तल्लख राहतो म्हणून. पण हलतो कोण? आमच्या हिच्या मैत्रिणी मंगळागौरीला साठीतही फुगड्या घालतात, बसफुगडीसुद्धा. तोल, ताल, गाण्याचे शब्द, समोरचीचा हात, सगळं एकदम. कोण जास्त तल्लख आहे हे मी घरी बोलून दाखवलेलं नाही, पण मला ठाऊक आहे.

रेवती_फिजिओ

नाना, फुगडी हा माझ्या मते फार चांगला व्यायाम आहे, गुडघे साथ देत असतील तर. कट्ट्यावरच्या मंडळींना निदान एका रेषेत टाच-पंजा लावून चालायला लावा, भिंतीचा आधार घेऊन.

मेंदूवाला

नानांच्या मुद्द्याला जोड. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाची बदलता येण्यासारखी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी टाळता आली तर सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू शकतील किंवा लांबतील असा अंदाज आहे. कमी ऐकू येणं, बीपी, साखर, धूम्रपान, एकटेपणा, न सुधारलेली दृष्टी, वाईट कोलेस्टेरॉल. आपल्याकडे साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. त्यांतल्या कितीतरी घरांत कानाचं मशीन कपाटात पडून असतं. काढा ते आणि घाला.

सातारकर

खूप दिवसांनी लॉगइन केलं, या धाग्यासाठी. आमच्या घराण्यात लहान मेंदू झिजत जाण्याचा आजार आनुवंशिक आहे. स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २. आजोबांना लोक दारुडे म्हणायचे, थेंबाला शिवले नव्हते आयुष्यात. एसटी स्टँडवर कंडक्टरने गाडीत घेतलं नाही असं आजी सांगायची. वडिलांनाही तेच झालं. चाल गेली, बोलणं बोबडं झालं. शेवटची वर्षं ते हिशेबात घोळ घालायचे. एकेकाळी सोसायटीचे खजिनदार होते. आम्ही म्हणायचो, आजारपणाला कंटाळून लक्ष देत नाहीत. आज इथे वाचलं आणि कळलं की हिशेबाचा घोळसुद्धा त्याच आजाराचा असेल. ते गेल्यावर कळून काय उपयोग म्हणा. पण कळलं हे बरं झालं.

पणजीची_पोर

सातारकर दादा, उपयोग आहे. तुम्ही लिहिलंत म्हणून आणखी कुणीतरी आपल्या वडिलांना आळशी म्हणायचं थांबेल.

मेंदूवाला

सातारकर, तुमच्या आजोबांना जे सोसावं लागलं ते आजही रोज घडतं. माझे कितीतरी पेशंट खिशात आजाराची चिठ्ठी घेऊन फिरतात, पोलीस आणि कंडक्टरला दाखवायला.

माहितीसाठी: भारतात या आजाराचे प्रकार १, २, ३ आणि १२ दिसतात. १२ वा प्रकार जगात इतरत्र दुर्मिळ, पण उत्तर भारतातल्या अगरवाल समाजात बराच आढळतो, आणि त्यात हातांच्या थरथरीने सुरुवात होते. १७ व्या प्रकारात तर स्मृतिभ्रंश हे मुख्य लक्षणांपैकी एक आहे. म्हणून घरात दोन पिढ्यांत "चाल गेली" अशी गोष्ट असेल तर न्यूरोलॉजिस्टला आवर्जून सांगा, विचारलं नाही तरी.

शुभदा_के

धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं झालंय.

दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी वेळ दिला. फेनिटॉईनची पातळी वरच्या मर्यादेच्या बरीच पुढे निघाली, अल्ब्युमिन कमी, बी-१२ ही कमी. पाण्याच्या पोकळ्या ठीक आहेत. मग बौद्धिक चाचणी घेतली. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, आईला थोड्या वेळाने दोनच आठवले. पण "एक फळ होतं", "एक दागिना होता" एवढी खूण दिली की उरलेले पटापट सांगितले. डॉक्टर म्हणाले, शब्द आत साठलेत, बाहेर काढता येत नाहीत. अल्झायमरमध्ये सहसा अशी खूण देऊनही फारसा उपयोग होत नाही. पण एका मिनिटात "क"वरून शब्द सांगा म्हटल्यावर आई कमळ, कप, कात्री म्हणून थांबली. घड्याळाचं चित्र काढताना सगळे आकडे एकाच बाजूला कोंबले.

फेनिटॉईन हळूहळू उतरवून दुसरं औषध सुरू केलंय, बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आकसलेला भाग परत भरून येणार नाही. जास्त पातळीमुळे जेवढा गोंधळ होता तेवढा ओसरेल. तसं होतंय. डोळ्यांची फडफड गेली, बोलणं मोकळं झालंय. चाल अजून रुंद पाय टाकूनच. भलत्या वेळी हसू येणं कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. आता नात्यात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय की हा आजार आहे, त्यामुळे आईला कुठे जायची भीती वाटत नाही.

रेवती, पायपुसणी उचलली, दांडा बसवला. पणजीची_पोर, तुझ्याशी फोनवर बोलायला आवडेल, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

मेंदूवाला

आभार नकोत. एकच सांगतो, नवीन औषधाने काहींना चिडचिड होते, उदास वाटतं. तसं दिसलं तर "लहान मेंदूमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना कळवा. हाडांची घनता तपासून घ्या. इतकी वर्षं फेनिटॉईन घेतलंय आणि पडण्याचा धोका आहे, तेव्हा ते लांबवू नका.

ओंकार_ध

शुभदाताई, छान वाटलं वाचून. माझ्या मावशीलाही फेनिटॉईन चालू आहे. तिची पातळी तपासायला आजच सांगितलं.

सातारकर

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मी ४२ चा आहे, अजून काही लक्षण नाही. मुलगी चौदाची. आम्ही जनुक चाचणी करावी का? बायको म्हणते करून टाकू, मुलीचीही.

मेंदूवाला

सातारकर, तुमच्यात जनुक असण्याची शक्यता निम्मी आहे, नसण्याचीही निम्मी. चाचणीचा निर्णय तुमचा, पण आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा, मोठ्या सरकारी संस्थांत मिळतात. निकाल हो आला तर मी काय करीन, नाही आला तर काय, हे चाचणीच्या आधी ठरवायला ते मदत करतात. लक्षण नसलेल्या मुलांची चाचणी आम्ही करत नाही. आज तिच्यावर करण्यासारखा उपचार नाही, आणि जाणून घ्यायचं की नाही हे तिने सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवायचं आहे. वहिनींना हे सांगा, आणि हवं तर दोघेही माझ्याकडे या, व्यनित पत्ता देतो.

सातारकर

येतो. पुढच्या महिन्यात सुट्टी काढतो.